दादाच्या गाडीचा इंजिन नंबर

लिहिणे हे ज्यांचे काम आहे, त्यांची मी प्रथम क्षमा मागतो. निवृत्तीनंतर वेळ हाताशी आहे एवढ्याच कारणाने कोणीही लेखणी उचलावी, हे मला स्वतःला पटत नाही. आणि तरीही मी ती उचलली आहे. शिक्षण माझे चांगले झाले, परंतु कचेरीतील टिपणांपलीकडे चार ओळी स्वतःच्या म्हणून मी कधी लिहिल्या नाहीत. सभेत बोलण्याची पाळी येईल असे वाटले की मी मागच्या रांगेत जाऊन बसत असे. अशा माणसाने स्वतःविषयी लिहावे हा आगाऊपणाच होय. विषयही असा, की अनेकांना तो क्षुल्लक वाटेल: एका जुन्या मोटारीच्या इंजिनावर ठोकलेला नंबर. कंटाळा आल्यास वाचकांनी पान खुशाल उलटावे.

माझी सारी नोकरी वाहनांच्या नोंदणीच्या खात्यात झाली. आरंभीची पुष्कळ वर्षे माझे काम असे होते की, समोर आलेल्या गाडीचे बॉनेट उघडायचे, इंजिनावरचा नंबर शोधायचा, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची आणि कागदावर उमटलेला ठसा नोंदणीच्या पुस्तकातील नंबराशी ताडून पाहायचा. हळूहळू माझी नजर त्या आकड्यांना सरावली. कारखान्यात ठोकलेले आकडे कसे बसतात आणि नंतर कोणी चोरून ठोकलेले कसे बसतात, हे मला पाहताक्षणी कळू लागले. माणसे गाडीचा रंग पाहतात, आकार पाहतात. मी मात्र नंबर पाहत असे. तो गेला की गाडी निनावी झाली, असे मला प्रामाणिकपणे वाटे.

दादा, माझा थोरला भाऊ, कोराडीच्या वीज केंद्रात पाळीवर काम करून निवृत्त झाला आणि तिकडेच घर बांधून राहिला. त्याच्याजवळ एक जुनी मोटार आहे. आम्ही दोघे तरुण असताना त्याने ती एका डॉक्टरांकडून घेतली होती. आईला दवाखान्यात नेले ते त्याच गाडीतून, आणि मला नोकरीच्या मुलाखतीला सोडले तेही त्याच गाडीतून. पुढे इंजिन तापू लागले, पाणी तेलात उतरू लागले आणि गाडी टिनाच्या शेडखाली उभी राहिली ती कित्येक वर्षे उभीच. वीज केंद्राची राख गाडीच्या खोळीवर रोज साचते. दादा ती रोज सकाळी झटकत असे.

गेल्या उन्हाळ्यात त्याने एकाएकी गाडी दुरुस्त करण्याचे मनावर घेतले. वहिनीचे माहेर काटोलच्या पुढे आहे, तिच्या भावाची संत्र्याची बाग आहे. गाडी घेतल्यावर पहिली फेरी त्याने तिथेच केली होती. "दिवाळीले संत्री उतरतात. तुह्या वहिनीले पुन्हा एकदा गाडीनं नेतो, आणि चालवतो मीच," असे तो म्हणाला. 'मीच' या शब्दावर त्याने दिलेला जोर मला तेव्हा केवळ हौसेचा वाटला. मी चहाचे कप आत नेऊन ठेवले, तेव्हा वहिनीने स्वयंपाकघरात आवाज खाली आणून मला दादाच्या घाईचे खरे कारण सांगितले.

"भाऊजी, यायचा काचबिंदू वाढून राहिला. बाजूचं दिसत नाही नीट. डॉक्टर म्हणाले, सध्या दिवसा, ओळखीच्या रस्त्यानं, हळू चालवा. पण पुढचं सांगता येत नाही म्हणे."

म्हणजे मला ठाऊक होते. हे मी आधीच नमूद करतो, कारण पुढे जे घडले ते अजाणतेपणी घडले असे कोणी समजू नये.

इंजिन उतरवून आम्ही वाडी या गावी नेले. ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे एक वर्कशॉप आहे, तिथे ट्रकच्या इंजिनांची कामे होतात. त्याचा मालक मोठ्या आवाजाचा, बोलका आणि कामाची घाई असलेला गृहस्थ. त्याने ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे धड, टेबलावर ठेवला, वरचे झाकण म्हणजे हेड जिथे बसते त्या पृष्ठभागावर, ज्याला ते 'फेस' म्हणतात, पोलादी पट्टी उभी धरली आणि पलीकडून बॅटरी लावली. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली.

"पाहा साहेब, उजेड येऊन राहिला. फेस वाकडा झाला. मधलं गॅस्केट नवं टाकलं तरी पुन्हा फुकून जाईल. एक पास मारतो, आरसा करून देतो. परवा घेऊन जा."

मी वाकून पाहिले. ब्लॉकच्या कडेला, हेडच्या बाहेर पण त्याच पातळीवर, एक चिंचोळी पट्टी होती आणि तिच्यावर नंबर होता. त्याच्या यंत्राचे चाक रुंद होते. ते ब्लॉकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सारे एकसारखे तासून काढणार. वाकडेपणासोबत नंबरही जाणार.

"हा नंबर जाता कामा नये," मी म्हणालो.

"जाईल ना! मग मी तोच नंबर पंचनं ठोकून देतो. जसाच्या तसा. ब्रह्मदेव आला तरी ओळखणार नाही."

"ते बेकायदेशीर आहे."

"घ्या!" मालकाने दादाकडे पाहिले. दादा एका रिकाम्या ड्रमवर बसला होता. "काका, तुमचे भाऊ रिटायर झाले ना नक्की?"

"पेन्शन सुरू झाली गा," दादा म्हणाला, "पण साहेब आंगातून उतरला नाही अजून." दोघे हसले. मग दादा मला म्हणाला, "जाऊ दे ना नंबर. नंबर काय पेट्रोल पिते? मले गाडी चालवायची आहे."

मी त्याला समजावून सांगितले. मूळ नंबर राहिला तरच गाडी खरी. जुन्या गाड्यांचे जाणकार प्रथम तोच पाहतात. आणि चोरून ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीसारखी गत. माझ्या बोलण्यात खोटे काही नव्हते. मालकाचा मार्ग चुकीचाच होता. दादाने ऐकून घेतले आणि तो ड्रमवरून उठला.

"बरं, तू म्हणशील तसं. तुले यातलं समजते."

त्यानंतर मी जे केले त्याचा मला अभिमान वाटत होता, आणि त्याचीच आज सर्वांत अधिक लाज वाटते. नंबर वाचवून फेस सरळ करण्याची रीत मी शोधून काढली. रुंद चाकाऐवजी लहान कटर लावायचा आणि नंबराच्या पट्टीच्या अलीकडेच तो थांबवायचा. पट्टी आसपासच्या भागापेक्षा कागदभर उंच राहील, परंतु गॅस्केट तिथवर पोहोचतच नाही, त्यामुळे इंजिनाला बाधा नाही. असे काम करू शकणारे मिलिंग यंत्र हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाजवळ असल्याचे कळले. मी ब्लॉक तिकडे हलवला. त्याआधी नंबर रॉकेलने पुसला, जुन्या सवयीने पेन्सिलीने ठसा घेतला, वर ग्रीस लावले आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्यावर चिकटवला. निवृत्त झाल्यापासून इतके मन लावून मी काहीच केले नव्हते. खरे सांगायचे तर ते दिवस मला फार सुखाचे गेले. कोणाला तरी माझी गरज होती आणि मला जे येत होते त्याचीच गरज होती.

हिंगण्याचा माणूस नाही म्हणाला नाही आणि हो म्हणून काम हाती घेतलेही नाही. त्याच्या यंत्रावर कारखान्याचे काम चढलेले होते. एकट्यादुकट्या ब्लॉकसाठी ते उतरवून सारी मांडणी पुन्हा करणे त्याला परवडणारे नव्हते. "हे उतरलं की तुमचंच," तो म्हणे. आणखी कोणी असता तर त्याने रोज जाऊन तगादा लावला असता. मी दारात उभा राहत असे, यंत्र चालू दिसले की 'येतो' म्हणून परत फिरत असे.

दादाचा फोन सकाळी येई.

"झालं का गा?"

"अजून नाही. आठवड्यात होईल."

"मागच्या आठवड्यातही तू हेच म्हणला होता. आठवडा बदलला, तू नाही बदलला."

पाठीमागून वहिनीचा आवाज येई, "भाऊजींच्या मागे काहून लागता? ते करूनच राहिले ना!" ती माझी बाजू घेई, आणि त्याने मला अधिकच अवघडल्यासारखे होई.

मग यंत्र एकदाचे मोकळे झाले, तर पितृपक्ष लागलेला. हिंगण्याच्या माणसाची तक्रार नव्हती. मीच म्हणालो की, वडील असताना या पंधरवड्यात घरात नवे काम सुरू होत नसे, तेव्हा थांबू या. दादाला मी हे सांगितले.

"बाबा असते तर म्हणाले असते, कर लवकर," तो म्हणाला. "त्यायलेच तर या गाडीत बसाची घाई राहे."

मी हसून वेळ मारून नेली. पंधरवडा संपेपर्यंत त्या यंत्रावर पुन्हा दुसऱ्याचे काम चढले.

याच सुमारास एका संध्याकाळी मी कोराडीला गेलो होतो. दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. रिकाम्या बॉनेटची गाडी समोर उभी. त्याने विचारले, "एक सांग. तुह्या हापिसात काही होत नाही का? नंबर कापावा लागते असं सांगून, परवानगी काढून, त्यायच्याच समोर पुन्हा ठोकून घ्यायचा. मग तर चोरी नाही ना?"

"तसा नियमच नाही, दादा," मी म्हणालो.

नियम आहे. दादाने जे सुचवले तंतोतंत तेच करता येते. इंजिनाच्या दुरुस्तीत नंबर जाणार असेल, तर आधी अर्ज करावा, तपासणी करून घ्यावी, परवानगी मिळाल्यावर फेस तासून घ्यावा आणि अधिकाऱ्यासमोर नंबर पुन्हा उठवावा. त्याची नोंद पुस्तकात होते. अशा अर्जांवर मी स्वतः शेरे लिहिलेले आहेत. काम फार तर दोन-तीन आठवड्यांचे.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मी खरोखर जुन्या कचेरीपर्यंत गेलोही होतो. फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेतला. आत खिडकीशी माझ्या हाताखाली काम केलेला एक जण बसलेला दिसत होता. मी आत गेलो असतो तर तो उठून उभा राहिला असता, खुर्ची पुढे केली असती, माझा अर्ज सर्वांच्या वर ठेवला असता. जन्मभर मी कोणाचा अर्ज असा वर ठेवू दिला नव्हता. आणि समजा तो उठलाच नसता, ओळख न दाखवता 'रांगेत या' म्हणाला असता, तर तेही मला सहन झाले नसते. दोन्हींपैकी काहीही घडू नये म्हणून मी चहाचा कप ठेवला आणि घरी परतलो. जाताना मनाला सांगितले की, पुन्हा ठोकलेला नंबर, मग तो परवानगीने का असेना, मूळ नव्हे. संकोचाला तत्त्वाचे नाव देण्याची ही कला मला फार पूर्वीपासून अवगत आहे.

दादाने माझ्या उत्तरावर मान हलवली. "नसन नियम तर नसन," तो म्हणाला आणि दुसऱ्या विषयावर गेला. माझ्या शब्दाची त्याने कधी खातरजमा केली नाही.

ब्लॉक यंत्रावर चढला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी शस्त्रांची आणि यंत्रांची पूजा, कारागीर सुटीवर. यंत्रासोबत माझ्या ब्लॉकलाही हळदकुंकू लागले, झेंडूचे फूल मिळाले. दसरा आटोपून दोन दिवसांनी प्रत्यक्ष काम झाले. मी शेजारी उभा होतो. कटर गोल फिरत पुढे सरके, पट्टीपाशी येई आणि थांबे. काम संपल्यावर मी ट्यूबचा तुकडा सोलून काढला, ग्रीस पुसले. सगळे आकडे जसेच्या तसे होते. कारखान्यात पहिला आकडा किंचित कलता बसला होता, तो तसाच कलता होता. शेजारी नवा फेस पाण्यासारखा चकाकत होता. मी तिथूनच दादाला फोन लावला. वहिनीने उचलला.

"वहिनी, झाले! नंबराला ओरखडासुद्धा नाही," मी म्हणालो. कटर कसा लावला, कुठे थांबवला, पट्टी किती उंच राहिली, सारे मी एका दमात सांगितले. तिने मला मध्ये तोडले नाही.

"छान झालं भाऊजी," ती शेवटी म्हणाली. "तुमचा जीव भांड्यात पडला." मग म्हणाली, "यायले सांगते मी. झोपले आहेत. सोमवारी आम्ही डॉक्टरकडे जाऊन आलो. आदल्या दिवशी डावीकडून सायकलवाला आला, यायले दिसलाच नाही. स्कुटीवर होते. कोणाले लागलं नाही, पण डॉक्टर म्हणाले, आता हातात कोणतंच वाहन नाही. स्कुटीही नाही."

"मला कळवले नाही?"

"तुम्ही त्या कामात होते ना. हेच म्हणाले, त्याले आता नको सांगू, त्याचं मन लागलं आहे."

इंजिन जोडून व्हायला दिवाळी गेली. अंगणात ते पहिल्यांदा सुरू झाले, तेव्हा दादा बॉनेटवर तळहात ठेवून उभा होता. आवाज ऐकून म्हणाला, "हाच आवाज गा." मग किल्ली त्याने माझ्यापुढे केली.

काटोलला आम्ही गेलो. गाडी मी चालवली. दादा डावीकडे, वहिनी मागे. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण मी आयुष्यभर स्कूटरवर फिरलो. मोटार मला परवान्यापुरती येते. घाटासारख्या चढावर मी दोनदा गाडी बंद पाडली.

"जन्मभर लोकायच्या गाड्या तपासल्या," दादा वहिनीला म्हणाला, "आणि याले दुसरा गिअर सापडत नाही."

"तुम्ही गप बसा वो," वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही हळूच चला. संत्री कुठं पळून जात नाहीत."

गिअर बदलण्याची वेळ आली की दादाचा डावा हात मांडीवरून जरासा उचलला जाई आणि पुन्हा खाली येई. त्याला ते कळत होते की नाही, मला सांगता येणार नाही. मी समोर पाहत राहिलो.

बागेत पोहोचल्यावर मी बॉनेट उघडले. का उघडले, याचे उत्तर सोपे आहे: मला शाबासकी हवी होती. "दादा, हा बघ नंबर."

तो वाकला, मान तिरकी करून पाहू लागला. त्याला दिसेना. मी त्याचे बोट धरून पट्टीवर ठेवले. त्याने एकेक आकडा चाचपला.

"हा होय का?" तो म्हणाला. "इतकी वर्षं गाडी चालवली, हा कुठं राहते हे मले माहीतच नव्हतं." त्याने रुमालाला बोट पुसले. "चांगला जपला गा तू."

त्याच्या स्वरात उपरोध नव्हता. मी तो शोधला. सापडला असता तर बरे झाले असते.

परतताना सरळ, मोकळा रस्ता लागला, तेव्हा त्याने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. "मी फक्त तिकडे बसतो जरा. चालवत नाही."

"बसा," वहिनी मागून म्हणाली, "पण चाबी भाऊजींपाशी राहू द्या."

तो चालकाच्या जागेवर बसला. आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला, त्यात वहिनी दिसते का ते पाहिले. तिने त्याला आरशातूनच वेडावून दाखवले. मी किल्ली मुठीत धरून रस्त्याच्या कडेला उभा होतो. थोड्या वेळाने तो आपणहून उतरला आणि डावीकडे जाऊन बसला. आरसा मी तसाच राहू दिला. घरी येईपर्यंत मला मागचे काही दिसत नव्हते.

यातील एकच गोष्ट दादाला ठाऊक नाही: नियम होता, आणि मी नाही म्हणालो. सुरुवातीलाच अर्ज केला असता, तर पितृपक्षाच्या आधीच इंजिन जोडून झाले असते आणि काटोलचा रस्ता त्याने स्वतः कापला असता. त्याने मला यासाठी कधीही दोष दिला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझ्या कामाचे कौतुक सांगतो. आता त्याला छापील अक्षर लागत नाही, म्हणून दुपारी वहिनी त्याला वाचून दाखवते. हे लिखाण कोणी छापलेच, तर तेही ती वाचील. मी आधी कोराडीला जाऊन त्याच्यासमोर बसून सांगावे, असे रोज ठरवतो आणि जात नाही. कागदावर सांगणे मला जमले. तोंडाने जमत नाही. शिवाय सांगून त्याला मिळणार काय, असाही विचार येतो: आज त्याच्याजवळ निदान माझ्या मेहनतीचे समाधान आहे, तेही मी काढून घेईन.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्याला सांगितले असते का?